मांगरातला पाहुणा

कुडाळ तालुक्यातल्या एखाद्या शेतावर मुक्कामासाठी फोन करावा आणि सोबत कुत्रा असल्याचे सांगावे. पलीकडची बाई कुत्र्याची जात विचारत नाही, वजन विचारत नाही. ती विचारते, "कोंबड्यांच्या पाटी लागता काय तो?" आपण अडखळतो, कारण पुण्या-मुंबईच्या फ्लॅटात वाढलेल्या कुत्र्याने जिवंत कोंबडी बहुधा पाहिलेलीच नसते. मग दुसरा प्रश्न येतो, "गोरवांक भियता काय?" तो रात्री भुंकतो हे आपण जरा ओशाळून सांगतो, तर उत्तर मिळते, "भुकांदे. भुकूक नाय तर कुत्रो कसलो?"

कोंबडी, गुरे आणि रात्र. शेतावर राहायला येणाऱ्या कुत्र्याची सगळी नियमावली या तीन गोष्टींत सामावलेली आहे. गेली काही वर्षे मी आमच्या तांबूला घेऊन माझ्या आजोळच्या परिसरात जाते. तांबू पुण्याच्या रस्त्यावरून आमच्या घरी आलेली, तांबूस रंगाची, उभ्या कानांची. पहिल्यांदा गेलो तेव्हा "इथे कुत्रा चालेल का" एवढाच माझा प्रश्न होता. आता मला कळते की तो प्रश्नच अपुरा होता. तिथे कुत्रा आधीपासून होता. आमच्या कुत्रीला त्याच्या कामाच्या जागेत पाहुणी म्हणून कसे राहता येईल, हे विचारायला हवे होते.

ज्या वास्तूत आम्ही उतरतो तिला मांगर म्हणतात.

मांगर म्हणजे घर नव्हे. घर वाडीत, देवळाच्या हाकेच्या अंतरावर, तुळशीवृंदावनासमोर. मांगर शेताच्या कडेला, मळा संपून भरड चढू लागते तिथे. पावसाळ्यात जोताचे बैल तिथे बांधायचे, नांगर आणि जू तिथे टेकवून ठेवायचे, भिजलेली इरली तिथे वाळत घालायची. कापणीच्या दिवसांत भारे आणून तिथल्याच खळ्यात झोडायचे आणि दाणा घरी नेईपर्यंत एकदोघांनी तिथेच झोपायचे. चिऱ्यांचा चौथरा, कमरेएवढी भिंत, वर कूड, त्यावर कौले किंवा पूर्वी गवताची शाकारणी. माळ्यावर गुरांसाठी गवत. खाली अर्धी जागा गुरांची आणि अर्धी माणसांची, मध्ये जेमतेम एक आडवी दांडी. एका कोपऱ्यात तीन दगडांची चूल, तिच्यावर पेज. जमीन शेणाने सारवलेली. भर एप्रिलातही त्या जमिनीवर पाय ठेवला की गारवा तळव्यातून वर चढतो, आणि कुत्र्याला हे माणसाच्या आधी कळते. तांबू पहिल्या दिवशी मांगरात शिरली ती पोट जमिनीला टेकवून, चारी पाय पसरून अशी काही पडली, की तिला उठवून पाणी दाखवावे लागले.

आमच्याकडच्या मांगरात देव्हारा नसे. ही बाब साधी वाटते, पण कुत्र्याच्या दृष्टीने सगळा फरक तिथेच पडतो. मालवणी घरात कुत्र्याची हद्द ठरलेली असते. खळे त्याचे, पडवीची पायरी त्याची, फार झाले तर पावसाळ्यात लोट्याचा कोपरा. माजघर, चूल आणि देवघर यांच्या उंबऱ्यावरून आत तो येत नाही. त्याला कुणी मारून शिकवलेले नसते, पिल्लू असतानाच तो ते उचलतो. शहरातला कुत्रा मात्र पलंगावर झोपणारा, स्वयंपाकघरात शेपटी हलवत उभा राहणारा. हे दोन रिवाज एका छताखाली आले की कुणाचे तरी मन दुखावते. यजमानीण तोंडावर बोलत नाही, पण आपला कुत्रा देवघराच्या दारात उभा राहिला की तिच्या चेहऱ्यावर जे येते ते मी पाहिले आहे, आणि ते पाहिल्यावर मला आपल्याच मोकळेपणाची लाज वाटली होती. मांगर हा पेच मुळातच पडू देत नाही. माणूस आणि जनावर यांनी एका छपराखाली राहावे म्हणूनच तो बांधलेला. तिथे पाहुण्याचा कुत्रा खाटेशेजारी झोपला तर कुणाचाच सोवळेपणा मोडत नाही.

मांगराने याआधीही पाहुणे सांभाळले आहेत. २०२०च्या मे महिन्यात, करोनाच्या साथीत, मुंबईहून चाकरमानी परतू लागले तेव्हा गावोगावच्या शाळांत त्यांना वेगळे ठेवले होते, आणि ज्यांचा मांगर धड होता त्यांच्यातल्या काहींनी ते चौदा दिवस मांगरात काढले. पडके कूड त्या निमित्ताने लिंपले गेले, वीज ओढली गेली. माझ्या ओळखीच्या दोन घरांनी त्यानंतरच मांगरात पाहुणे घ्यायला सुरुवात केली.

पिंगुळीचे उदाहरण तर कुडाळपासून पायी जाण्याइतके जवळचे. ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांनी स्वतःच्या गोठ्याचेच संग्रहालय केले. ठाकर आदिवासी कला आंगण हे त्याचे नाव, आणि गंगावण्यांना २०२१मध्ये पद्मश्री मिळाली. गुरांची जागा म्हणून जी वास्तू कमी दर्जाची समजली जाई, तिच्यात पाहुण्याला बसवण्याचा हा धीर या भागात आहे. जवळच्या वेंगुर्ले तालुक्यात परुळ्याला 'माचली' नावाने शेतातला मुक्काम उभा राहिला, त्याच्या नावातही तेच आहे. माचली म्हणजे पिकाची राखण करण्यासाठी खांबांवर उभारलेली झोपडी. माणूस वर, शेकोटी खाली, आणि शेकोटीपाशी कुत्रा.

कोकणात राखण हा शब्द शेतालाही लागतो आणि देवालाही. भात पोटरीत आले की रात्री डुकरांपासून त्याची राखण करायची, आणि वर्षातून एकदा जागेच्या राखणदाराला त्याची राखण द्यायची. आरवलीच्या वेतोबाला भाविक चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात, कारण तो रात्री गावाभोवती फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे. रात्रीच्या फेरीला इथे एवढा मान आहे. आणि ती फेरी रोज रात्री प्रत्यक्ष घालणारा प्राणी म्हणजे शेतावरचा गावठी कुत्रा.

त्याला कुणी जातिवंत म्हणणार नाही. पण या हवेसाठी त्याच्यापेक्षा नेटका प्राणी शोधून सापडणार नाही. आखूड केस, त्यामुळे पावसात भिजला तरी दोन झटक्यांत मोकळा. लांब पाय, आत ओढलेले पोट, चिखलातल्या बांधावरून धावताना तोल न जाणारा. केलड्यांचा, म्हणजे माकडांचा, कळप माडांवर आला की तो वेगळ्या सुरात भुंकतो, अनोळखी माणूस आला की वेगळ्या. साप दिसला की एका जागी उभा राहून थांबून थांबून भुंकतो आणि जागा सोडत नाही. काकी, म्हणजे आमच्या मांगराच्या मालकीणबाई, चुलीपुढे बसूनच सांगतात, "केलडी इली." तीन-चारदा मी बाहेर जाऊन पाहिले. दर वेळी केलडीच होती. त्यांच्या कुत्र्याचे नाव टायगर. त्याचे जेवण उकड्या तांदळाची पेज, बांगड्याचे डोके आणि म्हाळाच्या दिवसांत त्याच्या वाटणीची वाडी. पितृपक्षात गाय, कावळा आणि कुत्रा यांचा घास काढल्याशिवाय घरचे पान वाढले जात नाही. त्याला कुणी घरात घेत नाही, पण त्याचा वाटा कुणी विसरत नाही.

याच तालुक्यात माणगाव आहे. टेंबे स्वामी, म्हणजे वासुदेवानंद सरस्वती, यांचा जन्म १८५४मध्ये तिथला. दत्तभक्तांचे ते मोठे ठिकाण. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात आणि त्यांना चार वेद मानतात, हे मराठी माणसाला लहानपणापासून माहीत असते. दत्ताचे दर्शन घेऊन बाहेर आलेल्या माणसाने दारातल्या कुत्र्याला दगड मारू नये, एवढे तरी त्या मूर्तीने शिकवायला हवे होते. माणगाव खोऱ्यातल्या शेतकऱ्याला राखण म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. २०१५च्या फेब्रुवारीत तिथे तीन रानटी हत्ती पकडावे लागले, इतकी त्यांनी माड-केळींची नासधूस केली होती. आज डुकरे, केलडी, वानर आणि गवे यांच्याशी रोजची गाठ आहे. कुत्रा नसलेले शेत इथे फार काळ शेत राहत नाही.

आता या शेतावर पाहुणे कसे येऊ लागले, ते थोडक्यात. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ला रत्नागिरीतून वेगळा झाला आणि १९९७मध्ये त्याला देशातला पहिला पर्यटन जिल्हा जाहीर केले. पर्यटन मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर वाढले, कुडाळ मात्र बराच काळ गाडी बदलण्याचे ठाणे राहिले. घाटापलीकडे बारामतीकडे पांडुरंग तावरे यांनी २००५पासून कृषी पर्यटनाचा प्रयोग चालवला आणि २०२०मध्ये महाराष्ट्राचे कृषी पर्यटन धोरण आले. शेतकऱ्याला शेतीबरोबर हा व्यवसाय करता यावा, असा त्यामागचा विचार. इटलीने १९८५ सालीच कायद्याने ठरवून टाकले होते की शेतावर पाहुणे ठेवायचे तर शेती हा मुख्य उद्योग राहिला पाहिजे, पाहुणे दुय्यम. मला हा नियम फार शहाणा वाटतो. आपल्याकडे मळ्यात भराव टाकून हिरवळ लावायची, कडेला चार माड ठेवायचे आणि त्याला 'फार्म' म्हणायचे, असे घडताना मी पाहते तेव्हा पोटात तुटते. त्या हिरवळीवर कुत्रा छान धावतो, हे खरे. पण मळा एकदा बुजवला की पावसाचे पाणी थांबत नाही, विहीर मार्चात तळाला जाते आणि ज्यासाठी आपण इतक्या लांबून आलो ते नाहीसे होते. कुत्र्याला धावायला कापणीनंतरचा मळा पुरतो. डिसेंबरात, वायंगणाचे, म्हणजे उन्हाळी भाताचे, पाणी घेण्याआधी, भाताच्या खुंटांमधून तांबू जी सुसाट सुटते ती पाहावी.

पोचण्याचे म्हणाल तर मुंबईपासून अंतर पाचशे किलोमीटरच्या घरात. रेल्वेने कुत्रा न्यायचा असेल तर नियम स्पष्ट आहे. वातानुकूलित प्रथम वर्गातले दोन किंवा चार बर्थचे अख्खे दालन आपल्या नावे असले तरच तो आपल्यासोबत बसू शकतो. सेकंड एसी, थर्ड एसी, स्लीपर यांत नाही. दालन मिळाले की नाही ते तक्ता लागेपर्यंत कळत नाही, पार्सल कार्यालयात वेगळी पावती करावी लागते, पशुवैद्यकाचा दाखला आणि लशीचे पुस्तक सोबत लागते. दुसरा मार्ग गार्डाच्या डब्यातल्या पेटीचा, आणि तो मी कुणाला सुचवणार नाही. रात्रभर लोखंडी खडखडाटात एकटा राहिलेला कुत्रा कुडाळच्या फलाटावर उतरतो तेव्हा त्याचे पुढचे दोन दिवस सावरण्यातच जातात. म्हणून बहुतेक जण मोटारीने येतात. पुण्याकडून फोंडा किंवा आंबोली घाटाने उतरणार असाल तर घाटाआधी तीन-चार तास कुत्र्याला खायला घालू नये. वळणांवर त्यालाही मळमळते, फक्त सांगता येत नाही.

आमच्या मांगराकडे जाताना शेवटी एक व्हाळ लागतो आणि त्यावर साकव आहे. गाडी अलीकडेच थांबवायची, हा काकींचा नियम. दोन कुत्र्यांची भेट साकवाच्या अलीकडे व्हायची, कारण पलीकडची जमीन टायगरची. स्वतःच्या खळ्यात अचानक परका कुत्रा दिसला तर तो अंगावर जाणारच, ते त्याचे काम आहे. पण अलीकडे, कुणाच्याच मालकीच्या नसलेल्या वाटेवर दोघांना समांतर चालवत आणले, एकमेकांचा माग हुंगू दिला, की साकव ओलांडेपर्यंत त्यांचे काहीतरी ठरलेले असते. हे काकींना कुणी प्रशिक्षकाने शिकवलेले नाही. नवा बैल आणला की त्यालाही त्या तडक गोठ्यात घालत नाहीत, आधी बाहेर शेजारी बांधतात. तेच त्यांनी कुत्र्यांना लावले.

खळ्यात आल्यावर पहिला दिवस पट्टा सोडायचा नाही. कोंबड्या मोकळ्या असतात, आणि पळणारी कोंबडी पाहून शांतातल्या शांत कुत्र्याच्या अंगात वीज खेळते. एक गावठी कोंबडी मेली की त्या घराचे अंडी-पिल्लांचे महिनोन्महिन्यांचे गणित कोलमडते. नुकसान भरून द्यायची तयारी असावी हे खरे, पण पैसे दिले म्हणजे झाले असे समजू नये. काकींच्या कोंबड्यांना नावे नाहीत, तरी संध्याकाळी झापाखाली किती शिरल्या ते त्या न मोजता सांगतात. गुरांचे उलटे. तिथे धोका कुत्र्याला. इथली गाय लहान चणीची, डोंगरउतारावर आणि धो धो पावसात टिकणारी. कोकण कपिला या नावाने तिची राष्ट्रीय पातळीवर नोंदही झाली आहे. गरीब दिसते. पण वासरू पायाशी असताना कुत्रा जवळ गेला तर ती मान खाली घालून जी येते ती थांबत नाही.

आता एक गोष्ट, जी पाहुण्यांना कुणी सांगत नाही आणि यजमान संकोचाने बोलत नाहीत. कुत्र्याची विष्ठा गुरांच्या चाऱ्यात किंवा पाण्यात जाता कामा नये. यात किळसेपेक्षा मोठे कारण आहे. निओस्पोरा नावाचा एक सूक्ष्म परजीवी कुत्र्याच्या विष्ठेतून चाऱ्यावर येतो आणि गाभण गाय-म्हैस वासरू टाकू शकते. कुत्र्याच्या आतड्यात राहणाऱ्या एका बारीक पट्टकृमीची अंडी शेळ्या-मेंढ्यांच्या, गुरांच्या आणि माणसांच्याही पोटात गेली तर यकृतात, फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात, त्यांना हायडॅटिड म्हणतात. शहरात आपण पिशवीत विष्ठा उचलतो ती शेजाऱ्यांच्या भीतीने. इथे ती उचलायची कारण उडवीतले ते गवत म्हणजे कुणाच्या तरी दुधाचा, शेणखताचा आणि गोबर गॅसवर शिजणाऱ्या आपल्याच जेवणाचा पाया आहे. येण्याआधी कुत्र्याला जंताचे औषध दिलेले असावे, आणि रोज सकाळी त्याला उडवीपासून, विहिरीपासून लांब, भरडीवर न्यावे. काकी एवढेच म्हणतात, "गवतात घाण करूक देव नकात." त्या एका वाक्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे.

उलट बाजूने पाहुण्याने विचारायच्या गोष्टीही आहेत. उंदरांसाठी औषध कुठे ठेवले आहे? झिंक फॉस्फाइड घातलेला पिठाचा गोळा कुत्रा एका घासात गिळतो. काजूच्या हंगामात बिया कुठे वाळत घातल्या आहेत? टरफलातल्या तेलाने तोंड आणि पंजे भाजतात. बोंडू खाल्ला तर फारसे बिघडत नाही, बी चावली तर बिघडते. मे महिन्यात आंब्याची बाठ हा सर्वांत फसवा धोका. आंब्याचा वास लागलेली बाठ कुत्रा चघळतो, चघळता चघळता गिळतो, आणि ती आतड्यात अडकली तर शस्त्रक्रियेवाचून सुटका नसते. काकींच्या घरी आता बाठी टाकायची बादली झाकणाची आहे. आमच्या आधी आलेल्या कुणाच्या तरी कुत्र्याने हा धडा महागात शिकवला होता.

प्रत्येक ऋतूची तऱ्हा वेगळी. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या मुलखात आषाढ-श्रावणात यायचे असेल तर लेप्टोची लस आधी घ्यावी. उंदरांच्या मुतातून हा जंतू मळ्यातल्या पाण्यात उतरतो आणि भेगाळलेल्या कातडीतून शिरतो. लावणीच्या दिवसांत इथल्या माणसांना आरोग्य खाते डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देते. ज्या चिखलात माणूस गोळी घेऊन उतरतो त्यात कुत्र्याला लशीशिवाय उतरवू नये. भाद्रपदात माजावर आलेली किंवा निर्बीजीकरण न केलेली कुत्री आणूच नये. मराठीत भाद्रपद आणि कुत्रे यांची जोडी उगाच पडलेली नाही. शिवाय त्या महिन्यात गणपती असतात, मांगरसुद्धा स्वतःच्या माणसांनी भरलेला असतो आणि पाहुण्याला जागा नसते, असूही नये. दिवाळीत मात्र शहरातल्या फटाक्यांनी कापणारी कुत्री इथे आणणारे वाढले आहेत. कापणी उरकत आलेली, झोडणी चालू, खळ्यावर नवा माटव घातलेला. त्या चार रात्री तांबू पहिल्यांदा पलंगाखाली न लपता झोपली.

उन्हाळ्यात दुपारी अकरानंतर सड्यावर जायचे नाही. जांभा तापला की पंज्यांची कातडी सोलते. गोचिडीचे औषध बारमाही हवे, आणि पूर्वेकडच्या रानात जाणार असाल तर माणसानेही अंगभर कपडे घालावेत. शेजारच्या दोडामार्ग तालुक्यात २०१६पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत आणि तो ताप गोचिडीतूनच येतो. फुरसे चिऱ्यांच्या ढिगात, पालापाचोळ्यात दबून बसते, आणि कुत्रा नाक पुढे करून तपास करणारा असल्याने दंश बहुधा तोंडावर होतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारांवर चालणारे माणसांचे प्रतिविषच कुत्र्यालाही देतात. म्हणून सर्वांत जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना कुठे, तिथे प्रतिविष असते का आणि रात्री कोण भेटते, हे पोचल्या दिवशीच विचारून ठेवावे.

आणि बिबट्या. इथे त्याला सरसकट वाघच म्हणतात. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा बिबट्यांनी खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनात सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. तो भाग उसाचा आणि हा माडा-काजूचा, पण भूक तीच. दिवेलागणीनंतर पाहुण्याचा कुत्रा बाहेर सोडायचा नाही, मांगराचे दार लावून घ्यायचे. टायगरही अलीकडे रात्री पडवीच्या आत, जाळीमागे असतो. काकींचा याआधीचा कुत्रा एका पहाटे दिसला नाही. त्याच्याबद्दल त्या बोलत नाहीत, पण जाळी त्यांनी त्या आठवड्यात बसवून घेतली. तिथूनच टायगर भुंकतो, आणि तेवढ्याने डुकरे व्हाळापलीकडे राहतात.

रेबीजचे काय, असे पुण्यातल्या मैत्रिणी विचारतात. लस घेतलेला पाहुणा आणि लस न घेतलेला यजमान, अशी गाठ पडू शकते, हे खरे. शेजारच्या गोव्याने कुत्र्यांच्या सामूहिक लसीकरणाची मोहीम वर्षानुवर्षे चालवली आणि २०२१मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. सीमेच्या अलीकडे हे काम घरोघरच्या समजुतीवर चालते. मला वाटते, जो शेतकरी पाहुण्यांचे कुत्रे घेतो त्याने आधी स्वतःच्या कुत्र्याला आणि वाडीतल्या चार कुत्र्यांना लस टोचून घ्यावी, आणि पाहुण्यांनी मुक्कामाच्या पैशात त्याचा वाटा आनंदाने द्यावा. आम्ही दर वर्षी टायगरच्या लशीचे पैसे देतो. काकी पहिल्यांदा नको म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बरा. तो तुमचो पण राखणदार मां."

पैशाचा विषय निघालाच तर, या मांगराचा धंदा म्हणून आकार लहानच आहे. दोन खोल्या, लावणी आणि गणपती सोडून उरलेले महिने. पण त्या पैशातून जोताचा बैल विकावा लागला नाही, वायंगणाला पंप बसला, आणि मुंबईला निघालेला मुलगा तूर्त थांबला आहे. पाहुणे कधी कधी विचारतात की गोठा जरा लांब हलवता येईल का, वास येतो. काकी त्यांना शांतपणे दुसरीकडचा पत्ता देतात. कुत्रा घेऊन येणारे सहसा असे विचारत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. ज्याने पहाटे पाचला ओल्या कुत्र्याचा वास घेतला आहे त्याला शेणाचे काही वाटत नाही.

गेल्या वेळी निघालो तो दिवस कापणीचा होता. पहाटेच बायका कोयत्या घेऊन मळ्यात उतरल्या होत्या, काकी पेज घेऊन बांधावरून चालल्या होत्या आणि आम्हांला निरोप द्यायला कुणाला फुरसत नव्हती. मांगराची किल्ली कौलाखाली ठेवायची, असे ठरलेले. टायगर गाडीबरोबर साकवापर्यंत आला. तिथे तो नेहमी थांबतो. तांबू मागच्या काचेला नाक लावून त्याच्याकडे बघत होती. तो क्षणभर शेपटी हलवत उभा राहिला, मग त्याचे कान वळले. माडांवर केलडी आली होती.